कॅनडाचं संरक्षण धोरण ठरवतं कोण? लोकांचं मत, सरकारची जबाबदारी आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या सुरुवातीला ट्रम्प यांनी कॅनडाला अमेरिकेचं ५१ वं राज्य म्हणायचा धोशा लावला, वर टॅरिफ लावले, आणि तेव्हापासून ऑन्टॅरियोतल्या आमच्या मराठी घरांत जेवणानंतरच्या गप्पांमध्ये सैन्य हा विषय आला. आधी मॉर्गेज, विंटर टायर आणि मुलांची ॲडमिशन यापुढे गाडी जात नव्हती. आता लोक विचारतात की विमानं अमेरिकेचीच का, एवढा पैसा कुठून आणणार, आणि मुख्य म्हणजे हे सगळं ठरवतं कोण, आपल्याला कोणी विचारलं होतं का. मी हा विषय बरीच वर्षं फॉलो करतोय, पार्लमेंटच्या समित्यांच्या सुनावण्या ऐकतो, ऑडिटचे रिपोर्ट रात्री जागून वाचतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतात. व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यात उत्तरं देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतोय. रकमा सगळ्या कॅनेडियन डॉलरमध्ये आहेत, आणि एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.

कॅनडाचं सैन्य परदेशात पाठवायला पार्लमेंटची परवानगी लागते का?

नाही लागत. हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. हा अधिकार राजाच्या नावाने चालत आलेला जुना अधिकार आहे आणि तो प्रत्यक्षात पंतप्रधान आणि कॅबिनेट वापरतात. नॅशनल डिफेन्स ॲक्टमध्ये एवढं आहे की सैन्याला ॲक्टिव्ह सर्व्हिसवर घेतलं आणि तेव्हा पार्लमेंटला सुट्टी असेल तर दहा दिवसांच्या आत पार्लमेंट बोलवायचं. बोलवायचं एवढंच, मत घ्यायलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. तरीही सरकारं कधीकधी मत घेतात, कारण उद्या जवान मेले तर एकट्याच्या अंगावर यायला नको, सगळ्या पक्षांची सही असलेली बरी.

१९३९ चं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ब्रिटनने ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर केलं, कॅनडाने १० सप्टेंबरला. पहिल्या महायुद्धात ब्रिटन उतरलं की कॅनडा आपोआप उतरला होता, या वेळी पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी आधी पार्लमेंट बोलवलं, चर्चा केली, मग जाहीर केलं. निकाल काय लागणार हे सगळ्यांना माहीत होतं तरी तो एक आठवडा थांबले, आणि त्या आठवड्यात हा देश स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायला शिकला असं मी मानतो.

लोकांना थेट मत विचारलंय असं कधी झालंय का?

एकदाच, २७ एप्रिल १९४२ ला. सक्तीची भरती करून कोणाला परदेशात लढायला पाठवणार नाही असं वचन किंग यांनी दिलं होतं, युद्ध लांबलं तसे ते कात्रीत सापडले, आणि त्या वचनातून आम्हाला मोकळं करता का असा प्रश्न अख्ख्या देशाला विचारला. देशभरात सुमारे ६४ टक्के लोक हो म्हणाले. पण क्वीबेकमध्ये ७० टक्क्यांहून जास्त लोक नाही म्हणाले. आता याला लोकमत म्हणायचं तर कोणाचं?

क्वीबेकचा नकार समजून घ्यायचा तर मागे १९१८ मध्ये जावं लागतं. तेव्हाही सक्तीची भरती होती, ईस्टरच्या सुट्टीत क्वीबेक सिटीत दंगल झाली, सैन्याने गोळीबार केला आणि चार नागरिक मेले. ती जखम २४ वर्षांत भरलेली नव्हती. किंग यांनी हो मिळूनही दोन वर्षं टाळाटाळ केली, १९४४ मध्ये सक्ती हवीच म्हणणारे संरक्षणमंत्री राल्स्टन बाहेर पडले, मग शेवटी साधारण १३,००० सक्तीचे जवान परदेशी पाठवले, त्यातले अडीच हजारच्या आसपास आघाडीवर पोचले. किंग यांना त्या वेळी दोन्ही बाजूंनी शिव्या पडल्या, पण देश फुटला नाही. माझ्या मते बहुमत मिळालं तरी अल्पमताचं दुखणं ओळखून हळू चालणं ही पण जबाबदारीच असते.

लोकांनी दबाव आणला आणि सरकारने ऐकलं, असं खरंच होतं का?

होतं. १५ फेब्रुवारी २००३, मॉन्ट्रियल, हाडं गोठवणारी थंडी, आणि इराक युद्धाच्या विरोधात रस्त्यावर एक लाखाहून जास्त माणसं. मॉन्ट्रियलची फेब्रुवारी ज्याने अनुभवलीय त्याला यातलं मोल कळेल, तिथे कोपऱ्यावर दूध आणायला जायचं तरी माणूस दहा वेळा विचार करतो. १७ मार्चला पंतप्रधान झाँ क्रेत्येँ यांनी हाऊस ऑफ कॉमन्समध्ये उभं राहून सांगितलं की सुरक्षा परिषदेच्या नव्या ठरावाशिवाय कॅनडा या युद्धात नाही. विरोधी पक्षनेते स्टीफन हार्पर यांचा आग्रह मात्र अमेरिकेबरोबर जावं असा होता.

पण इथेच थांबू नका, पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. त्याच वेळी कॅनडाची जहाजं आखातात दहशतवादविरोधी मोहिमेवर होती, आणि अमेरिकन-ब्रिटिश युनिटमध्ये एक्सचेंजवर गेलेले कॅनेडियन अधिकारी तिथेच राहिले. म्हणजे वरून नाही आणि आत थोडं हो. लोकांनी मोर्चा जिंकला म्हणून घरी गेलं की असं पाणी मुरतं.

२००५ मध्ये पॉल मार्टिन यांच्या अल्पमतातल्या सरकारनेही अमेरिकेच्या मिसाइल डिफेन्समध्ये यायला नकार दिला, तिथेही लोकांचा, विशेषतः क्वीबेकचा विरोध मोठा होता.

आणि जिथे ऐकलं नाही असंही उदाहरण आहे. १९८३ मध्ये अमेरिकेच्या क्रूझ मिसाइलच्या चाचण्या कॅनडाच्या आकाशात होऊ द्यायच्या ठरल्या, शहराशहरात मोर्चे निघाले, तरी १९८४ च्या मार्चमध्ये चाचण्या सुरू झाल्या. शांततावादी संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९८५ मध्ये हरल्या. पण हरताना एक गोष्ट कमावली, कोर्टाने म्हटलं की कॅबिनेटचे निर्णय, अगदी संरक्षणाचे सुद्धा, हक्कांच्या सनदेच्या कसोटीवर तपासता येतात. म्हणजे त्या दिवसापासून कॅबिनेट कोर्टाच्या पूर्ण पलीकडे राहिलं नाही.

निवडणुकीत कोणी डिफेन्स बघून मत देतं का?

सहसा नाही. घरभाडं, हॉस्पिटलमधल्या रांगा, टॅक्स, यावर मतं पडतात. १९६३ चा अपवाद आहे, अमेरिकन अण्वस्त्रं कॅनडात ठेवायची की नाही यावर पंतप्रधान डीफनबेकर यांचं मंत्रिमंडळ फुटलं, संरक्षणमंत्री हार्कनेस यांनी राजीनामा दिला, दुसऱ्याच दिवशी सरकार पडलं आणि एप्रिलमध्ये पियर्सन पंतप्रधान झाले.

दुसरं उदाहरण १९९३ चं, आणि ते मला आजही टोचतं. नौदलाचे सी किंग हेलिकॉप्टर १९६३ पासूनचे, म्हातारे झालेले, बदलायची ऑर्डर आधीच्या सरकारने दिलेली. क्रेत्येँ प्रचारात म्हणाले की ही चैन परवडत नाही, मी रद्द करणार. लोकांना पटलं, मंदी होती. निवडून आल्याबरोबर त्यांनी ऑर्डर रद्द केली, त्यासाठी जवळपास ५० कोटी डॉलर भरपाई गेली आणि हातात एकही हेलिकॉप्टर आलं नाही. सी किंग शेवटी निवृत्त झाले २०१८ मध्ये. मध्ये गेलेली पंचवीस वर्षं कोणी सोसली? टाळ्या वाजवणाऱ्यांनी नाही, तर रात्री अटलांटिकवर त्या मशीनमध्ये बसणाऱ्या क्रूने आणि एकेका तासाच्या उड्डाणासाठी तासन्‌तास दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकांनी. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की लोकांना हवं तेच करावं, तेव्हा मी विचारतो, लोकांना पूर्ण हिशेब दाखवला होता का?

सोमालिया प्रकरण काय होतं? अजून त्याचं नाव का निघतं?

कारण कॅनडात आज जेवढी काही जबाबदारीची यंत्रणा दिसते तिच्यातला मोठा भाग त्या प्रकरणातून आलाय. १९९३ मध्ये कॅनडाची एअरबोर्न रेजिमेंट सोमालियात शांतता राखायला गेली होती. १६ मार्चच्या रात्री १६ वर्षांच्या एका सोमाली मुलाला कॅम्पमध्ये पकडलं आणि जवानांनी त्याला छळ करून मारलं. मारतानाचे फोटो काढले. आवाज आजूबाजूच्या अनेकांना ऐकू गेला होता आणि कोणी थांबवलं नाही. हे लिहिताना आजही हात थबकतो.

त्यानंतर झाकाझाक सुरू झाली. एका पत्रकाराने माहिती अधिकारात कागद मागितले तर त्याला बदललेले कागद दिले गेले. चौकशी आयोग बसला, न्यायमूर्ती लेतुर्नो अध्यक्ष, आणि आयोगाला कागद मिळेनात. ९ एप्रिल १९९६ ला सैन्यप्रमुखांनी देशभरातल्या सगळ्या तळांवर नेहमीचं काम बंद ठेवून फक्त कागद शोधायचा दिवस पाळायला लावला. कल्पना करा, अख्खं सैन्य कपाटं उघडून फाइली चाळतंय! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सैन्यप्रमुख झाँ बॉयल यांना जावं लागलं. एअरबोर्न रेजिमेंट त्याआधीच, १९९५ मध्ये, बरखास्त झाली होती.

आणि मग सरकारने आयोगालाच घाई केली. १९९७ च्या जानेवारीत सांगितलं की सुनावण्या मार्चअखेर संपवा. वरच्या लोकांपर्यंत, म्हणजे कोणी काय लपवलं आणि कोणाच्या सांगण्यावरून, तिथपर्यंत आयोग पूर्ण पोचलाच नाही. रिपोर्ट जुलैमध्ये आला, निवडणूक जूनमध्ये झाली होती. लोकांनी तोवर मतं देऊन झाली होती.

तरी काही उरलं. १९९८ मध्ये सैन्यासाठी स्वतंत्र लोकपाल आला. १९९९ मध्ये मिलिटरी पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी आयोग आला. आणि त्याच वर्षी माहिती द्यायची टाळण्यासाठी कागद नष्ट करणं किंवा बदलणं हा गुन्हा झाला, दोन वर्षांपर्यंत कैद. हे कोणी आपणहून दिलेलं नाही, एका पोराच्या जिवाची किंमत आहे त्यात.

अफगाणिस्तानच्या वेळी लोकांचं मत मोजलं गेलं का?

या प्रश्नाचं उत्तर मला आकड्यांनी सुरू करवत नाही. मी या देशात नवीन होतो. एका शुक्रवारी ऑफिसातला माणूस म्हणाला चल, आणि ४०१ हायवेवरच्या एका पुलावर घेऊन गेला. तिथे शे-दीडशे माणसं होती. फायर ब्रिगेडची गाडी पुलावर आडवी लावलेली, शिडी वर, शिडीला झेंडा. मेडलं लावलेले दोन म्हातारे, शाळेतून आणलेली पोरं, हातात कॉफीचे कप, कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मग लांबून पोलिसांचे दिवे दिसले, काळी शववाहिका आली, मागे घरच्यांच्या गाड्या. एका गाडीची काच खाली झाली आणि आतून एक हात बाहेर आला, नुसता हात, तळवा आमच्याकडे. जेमतेम अर्धा मिनिट. गाड्या टोरोंटोकडे निघून गेल्या आणि माझ्या शेजारचा म्हातारा सॅल्यूट करून उभाच होता.

हा ट्रेंटन तळापासून टोरोंटोपर्यंतचा रस्ता, १७० किलोमीटरच्या आसपास. लोक २००२ पासून आपणहून पुलांवर येऊन उभे राहायला लागले, कोणी बोलावलं नव्हतं. २००६ च्या एप्रिलमध्ये सरकारने शवपेट्या येतानाचं चित्रण बंद केलं होतं, मीडियाला तळावर येऊ दिलं नाही, त्यावर एवढा संताप झाला की निर्णय घरच्यांच्या इच्छेवर सोडावा लागला. आणि २००७ मध्ये ऑन्टॅरियो सरकारने त्या रस्त्याला हायवे ऑफ हिरोज नाव दिलं, पण नाव लोकांनी आधीच दिलेलं होतं.

आता पार्लमेंट. १७ मे २००६ ला काही तासांची चर्चा आणि १४९ विरुद्ध १४५ असं मत, मोहीम २००९ पर्यंत वाढली. चार मतांचा फरक. मग मृत्यू वाढले, लोक विचारायला लागले की आपण तिथे नक्की करतोय काय, सरकारने माजी मंत्री जॉन मॅनली यांची समिती नेमली, तिने २००८ च्या जानेवारीत सांगितलं की सरकार लोकांशी पुरेसं मोकळेपणाने बोललेलंच नाही. मार्चमध्ये १९८ विरुद्ध ७७ मतांनी २०११ पर्यंत मुदत ठरली, आणि या वेळी दर तीन महिन्यांनी पार्लमेंटला रिपोर्ट द्यायचं कबूल झालं. पूर्ण मोहिमेत १५८ कॅनेडियन जवान गेले. मला नेहमी वाटतं की ते तिमाही रिपोर्ट २००६ मध्ये का नव्हते?

कैद्यांच्या कागदांवरून पार्लमेंट बंद केलं होतं म्हणतात, ते खरं का?

कॅनडाने पकडून अफगाण यंत्रणेच्या ताब्यात दिलेल्या कैद्यांचा छळ होतो अशी माहिती आपण वर कळवली होती, असं राजनैतिक अधिकारी रिचर्ड कोल्विन यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये समितीसमोर सांगितलं. १० डिसेंबरला हाऊसने ठराव केला, सगळे कागद न खोडता द्या. सरकार म्हणालं राष्ट्रीय सुरक्षा. ३० डिसेंबरला पार्लमेंट मार्चपर्यंत स्थगित झालं. सरकारने कारणं वेगळी दिली, पण जानेवारीत देशभर लोक रस्त्यावर आले, आणि स्थगिती हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नव्हता ते सुद्धा आले.

२७ एप्रिल २०१० ला स्पीकर पीटर मिलिकन यांनी निर्णय दिला की कागद मागायचा पार्लमेंटचा अधिकार पूर्ण आहे, सुरक्षेचं कारण सांगून तो संपत नाही, आता सगळ्यांनी बसून सुरक्षित मार्ग काढा. आमच्या विषयात हा दिवस दसऱ्यासारखा आहे. प्रत्यक्षात मात्र २०११ च्या जूनमध्ये सुमारे ४,००० पानं बाहेर आली, बरीचशी खोडलेली, आणि तोवर निवडणूक होऊन गेली होती. सोमालियाच्या वेळी जे झालं तेच, कागद निवडणुकीनंतर आले.

पुढे २०१७ मध्ये खासदारांची एक खास समिती कायद्याने झाली जिला गुप्त कागद बघता येतात. चांगलं पाऊल आहे, पण तिचा रिपोर्ट आधी पंतप्रधानांकडे जातो आणि सदस्यांना आयुष्यभर तोंड बंद ठेवावं लागतं, त्यामुळे मी अर्धाच खूश आहे.

एफ-३५ या अमेरिकन लढाऊ विमानांची खरी किंमत किती?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. पुण्यात फ्लॅट घ्यायला गेलात की बिल्डर आधी बेसिक रेट सांगतो, मग पार्किंग, स्टॅम्प ड्युटी, सोसायटीचा मेंटेनन्स, आणि शेवटी चेक लिहिताना घाम फुटतो. इथे तेच झालं, फक्त शून्यं जास्त.

२०१० मध्ये हार्पर सरकारने सांगितलं, ६५ विमानं, खरेदी ९ अब्ज. मार्च २०११ मध्ये पार्लमेंटचे बजेट अधिकारी केव्हिन पेज यांनी ३० वर्षांचा सगळा खर्च धरून २९.३ अब्ज काढला. सरकारने त्यांना वेड्यात काढलं. त्याच महिन्यात, २५ तारखेला, खर्चाची माहिती लपवल्याबद्दल पार्लमेंटचा अवमान केला म्हणून सरकार १५६ विरुद्ध १४५ मतांनी पडलं. एखादं सरकार अवमानासाठी पडणं ही छोटी गोष्ट नाही. आणि मेमध्ये लोकांनी त्याच पक्षाला पूर्ण बहुमत देऊन परत पाठवलं. हे वाचून निराश व्हायला होतं, मी झालो होतो.

पण कागद मेला नाही. एप्रिल २०१२ मध्ये ऑडिटर जनरलने दाखवलं की खात्याच्या स्वतःच्या आतल्या अंदाजात २५ अब्ज आकडा होता आणि बाहेर १४.७ अब्ज सांगितला जात होता, कारण वैमानिकांचे पगार, इंधन, रोजचं चालवणं हे सगळं बाहेर ठेवलं होतं. म्हणजे पेज बरोबर दिशेला होते. खरेदी थांबली. २०१५ मध्ये जस्टिन ट्रूडो एफ-३५ घेणार नाही म्हणून निवडून आले, मग नव्याने स्पर्धा घेतली, मध्ये ऑस्ट्रेलियाची जुनी विमानं आणून वेळ भागवली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ८८ एफ-३५ घ्यायचं जाहीर केलं, १९ अब्ज. जून २०२५ मध्ये ऑडिटर जनरल कॅरेन होगन म्हणाल्या २७.७ अब्ज, आणि हँगर-शस्त्रं वगैरेंसाठी अजून किमान साडेपाच अब्ज.

त्याआधी मार्च २०२५ मध्येच नवे पंतप्रधान मार्क कार्नी यांनी आल्याबरोबर या खरेदीचा फेरविचार करायला सांगितला होता, कारण आता लोकांचा प्रश्न किमतीचा राहिला नव्हता, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर ज्याच्या हातात त्याच्यावर विसंबायचं का असा झाला होता. पक्ष कुठलाही असो, पहिला आकडा कधीच खरा नसतो हे मात्र पंधरा वर्षांत बदललं नाही. युद्धनौकांचंही बघा, १५ जहाजं, २००८ मध्ये सुमारे २६ अब्ज धरले होते, २०२२ मध्ये बजेट अधिकाऱ्याचा अंदाज ८४.५ अब्ज.

ऑडिटर जनरल आणि बजेट अधिकारी यांच्यात फरक काय?

ऑडिटर जनरल झालेल्या कामाचा हिशेब तपासतात, आपल्याकडच्या कॅगसारखं. बजेट अधिकारी होणाऱ्या खर्चाचा अंदाज काढतात, खासदारांसाठी. दुसरं पद २००६ च्या कायद्याने आलं आणि २०१७ मध्ये त्याला जास्त स्वातंत्र्य मिळालं. दोघांकडेही कोणाला शिक्षा करायची ताकद नाही, त्यांची ताकद एवढीच की आकडा छापला जातो आणि परत आत घालता येत नाही.

सैन्यातल्या लैंगिक अत्याचारांसाठी मंत्री जबाबदार धरले गेले का?

पुरेसे नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१५ मध्ये माजी न्यायमूर्ती मारी देशां यांनी रिपोर्ट दिला की सैन्यातलं वातावरणच स्त्रियांना त्रासदायक आहे. मोहीम निघाली, पोस्टर लागली. त्या मोहिमेचा चेहरा असलेले सैन्यप्रमुख जोनाथन व्हान्स यांनीच पुढे २०२२ मध्ये न्यायकामात अडथळा आणल्याचा गुन्हा कबूल केला. २०१८ मध्ये सैन्याचे लोकपाल व्हान्स यांच्याविषयीची तक्रार घेऊन संरक्षणमंत्री हरजित सज्जन यांच्याकडे गेले होते, मंत्र्यांनी तपशील बघायला नकार दिला, म्हणाले राजकीय माणसाने यात पडू नये. समितीत यावर महिनोन्‌महिने वाद झाला. मंत्र्याने चौकशीत ढवळाढवळ करू नये हे बरोबरच, पण तीन वर्षं काहीच झालं नाही तर जाब कोणी द्यायचा?

सज्जन यांचं खातं २०२१ मध्ये बदललं, अनिता आनंद आल्या, जाहीर माफी मागितली गेली, २०२२ मध्ये माजी न्यायमूर्ती लुईझ आर्बर यांनी ४८ शिफारसी दिल्या. त्याआधी २०१९ मध्ये पीडितांच्या दाव्यात ९० कोटी डॉलरची तडजोड झाली होती. बदल आणला तो मोहिमेने नाही, कोर्टात उभ्या राहिलेल्या बायकांनी आणि २०१४ पासून मागे लागलेल्या पत्रकारांनी.

२ टक्के, ५ टक्के हे काय प्रकरण आहे? लोकांना पटलंय का?

देशाच्या जीडीपीच्या २ टक्के संरक्षणावर खर्च करायचं नाटो देशांनी २०१४ मध्ये ठरवलं होतं. कॅनडा वर्षानुवर्षं दीड टक्क्याच्या आत राहिला आणि इथे कोणी सरकारला त्यावरून धारेवर धरलं नाही. युक्रेन युद्धानंतर वारं फिरलं, आणि २०२५ मध्ये तर पूर्णच. ९ जूनला कार्नी म्हणाले याच आर्थिक वर्षात २ टक्के गाठू, ९ अब्जांहून जास्त वाढीव. त्याच महिन्यात हेगला नाटोने २०३५ पर्यंत ५ टक्के ठरवले, साडेतीन शुद्ध संरक्षण आणि दीड त्याला पूरक बंदरं-रस्ते वगैरे. नोव्हेंबरच्या बजेटमध्ये पाच वर्षांत ८१.८ अब्ज.

पटलंय, हो, बहुतेकांना पटलंय, मलाही. आर्क्टिक रिकामं ठेवून चालणार नाही. पण मला काळजी नेमकी याचीच वाटते. लोक विरोधात असतात तेव्हा सरकार प्रत्येक पैशाचा खुलासा करतं. लोक बाजूने असतात तेव्हा कोणी विचारत नाही. कोस्ट गार्ड संरक्षण खात्याकडे आणलं की त्याचा खर्चही या टक्केवारीत धरता येतो, मग वाढलेलं किती खरं बळ आणि किती नुसती फाइल इकडून तिकडे? खरेदी लवकर व्हावी म्हणून वेगळी एजन्सी काढलीय, वेग हवाच आहे, सी किंगसारखी पंचवीस वर्षं परत नकोत. पण वेगासाठी कोणती तपासणी काढून टाकली हे आत्ताच विचारायला हवं.

सरकार धोरण ठरवण्याआधी लोकांना विचारतं का?

विचारतं. २०१६ मध्ये २०१७ च्या धोरणासाठी ऑनलाइन पोर्टलवर २०,००० हून जास्त लोकांनी लिहिलं, शहरांत बैठकाही झाल्या. माझं एवढंच म्हणणं आहे की त्यातलं काय घेतलं आणि काय सोडलं याचा हिशेब परत लोकांना मिळत नाही.

आपण पीआरवर (म्हणजे कायमचे रहिवासी, नागरिक नव्हे) आहोत, मतदान नाही. मग आपला काय संबंध?

टॅक्स तुम्ही भरता ना? आणि नोव्हेंबर २०२२ पासून पीआर असलेल्यांना कॅनडाच्या सैन्यात भरतीही होता येतं. माझ्या ओळखीतल्या एका घरचा मुलगा रिझर्व्हमध्ये अर्ज करतोय, आई घाबरलीय, बाबा अभिमानाने सांगत फिरतात. ज्याचं पोर जाणार त्याचा संबंध नाही असं कसं म्हणता?

पीआर असताना करता येण्यासारखं बरंच आहे. खासदाराला पत्र लिहा, हाऊस ऑफ कॉमन्सच्या पत्त्यावर पोस्टाचं तिकीटही लागत नाही. पत्रात मत कमी आणि प्रश्न जास्त लिहा, आणि हा प्रश्न लेखी स्वरूपात हाऊसमध्ये विचाराल का अशी विनंती करा, कारण लेखी प्रश्नाला सरकारकडून ४५ दिवसांत उत्तर मागता येतं. ऑनलाइन याचिका करता येते, ५०० सह्या लागतात आणि एका खासदाराची साथ, मग सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं. रहिवासी असलात तर सही चालते.

माहिती अधिकार इथे कसा वापरायचा? काही मिळतं का खरंच?

कायदा १९८३ चा आहे, आपल्या आरटीआयच्या कितीतरी आधीचा. आपल्याकडे १० रुपये, इथे ५ डॉलर. नागरिक, पीआर, किंवा कॅनडात असलेला कोणीही अर्ज करू शकतो. मुदत ३० दिवस, पण खातं ती वाढवून घेतं आणि संरक्षणाच्या विषयात जवळजवळ नेहमीच घेतं. कॅबिनेटचे कागद २० वर्षं बंद. एक युक्ती सांगतो, आधी कोणीतरी मागून मिळवलेल्या कागदांची यादी सरकारच्या साइटवर असते, त्यातले कागद फुकट मागता येतात, आधी ते बघा. आणि अर्जात सगळे कागद द्या असं लिहू नका, तारीख, विषय, कुठला कागद, हे नेमकं लिहा.

मी एकदा एका खात्याकडे एका जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च मागितला. मुदत वाढली, परत वाढली. सात महिन्यांनी ६१ पानं आली, त्यातली ४० काळी, नुसते काळे चौकोन, वर पानाचा नंबर तेवढा वाचता येतो. बायको म्हणाली फेकून दे. कागद नाकारले किंवा असे काळे करून दिले तर ६० दिवसांच्या आत माहिती आयुक्तांकडे तक्रार करता येते, तीही फुकट, आणि २०१९ पासून आयुक्तांना खात्याला आदेश द्यायचा अधिकार आहे. मी ५४ व्या दिवशी तक्रार टाकली. पुढच्या वर्षी पाडव्याच्या आसपास एक पातळ पाकीट आलं. आत चारच पानं होती, आणि तिसऱ्या पानावर तक्ता, मूळ अंदाज एका रकान्यात, झालेला खर्च शेजारच्या रकान्यात, दोन्ही न खोडलेले. ते पान मी खासदाराच्या ऑफिसात नेऊन दिलं आणि पोच घेतली.